घाटात बदललेलं मत

चालू इंजिनाच्या कार्ब्युरेटरपुढे मयेकर साहेब आपला उघडा तळहात धरून उभे राहत. इंजिन हवा आत ओढतं तेव्हा तळव्याला एक ओढ लागते. त्या ओढीवरून ते सांगत, आज याला बरं वाटतंय किंवा आज काहीतरी बिनसलंय. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस इंजिनाला आशीर्वाद देतोय. मी हसले. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "हसू नका. इकडे या, हात धरा. श्वास घेतंय ते." मी हात धरला. खरोखरच कुणीतरी हातावर श्वास घेत होतं.

तेव्हा मी पिंपरीच्या एका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात नुकतीच लागले होते. वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होते. मी घरातली पहिली डिप्लोमा झालेली मुलगी. कंपनी पंपांची आणि जनरेटरची इंजिनं बनवायची. पण मालकांच्या मनात छोट्या मोटारीचं इंजिन करायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी अच्युत मयेकरांना मुंबईहून आणलं होतं. कारखान्याच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक शेड त्यांना दिली होती. तिथं इंजिन एका चौकटीवर बसवून दिवसभर चालवायचं आणि त्याची ताकद, तापमान, पेट्रोलचा खर्च यांची रीडिंग घ्यायची, असं काम असे.

त्या शेडमध्ये बायकांनी जायचं नाही, असा अलिखित नियम होता. शॉप मॅनेजर म्हणाले, साडीचा पदर फिरत्या शाफ्टमध्ये गेला तर जबाबदार कोण? मयेकर म्हणाले, "पदर नसला म्हणजे झालं ना?" आणि माझ्यासाठी निळा बॉयलर सूट शिवायला टाकायला सांगितला. चिंचवड स्टेशनजवळचा शिंपी बाईसाठी पँट शिवायला कां कूं करायला लागला, तेव्हा शेवटी माझ्या आईनंच एक पुरुषी सूट उसवून माझ्या मापाचा केला. तो घालून मी शेडमध्ये पहिल्यांदा शिरले, त्या दिवशी मयेकरांनी मान वर न करता म्हटलं, "कांबळे, तो तेलाचा काटा बघ किती दाखवतोय." तेव्हापासून मी त्यांची 'कांबळे' झाले, आणि 'तुम्ही'ची 'तू' झाले.

दुपारी जेवताना ते माझ्या डब्यातली भाजी न विचारता घेत. माझ्या डब्यात हात घालणारे त्या कंपनीत फार नव्हते. त्यांना हे ठाऊक होतं की नव्हतं, मला कधी कळलं नाही. ते मालवणकडचे. आजोबांचं शिडाचं गलबत होतं. त्यांच्या डब्यात बहुतेक सुकट असे, आणि ती अख्ख्या शेडला पुरेल एवढी असे. खुशीत आले की त्यांच्या तोंडी घरची बोली यायची. "वारो आपलो नाय, शीड आपलां," हे त्यांचं आवडतं वाक्य. वारा वाढवणं आपल्या हातात नाही, शीड नीट लावणं आहे. इंजिनाच्या बाबतीतही त्यांचं हेच म्हणणं होतं.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच घडलं. साधं इंजिन बाहेरची हवा स्वतः ओढून घेतं. लहान इंजिनातून जास्त ताकद हवी असेल तर दोन वाटा. एक, त्याचे हवेचे रस्ते गुळगुळीत करायचे, झडपा हलक्या करायच्या आणि ते खूप जोरात फिरू द्यायचं. दुसरी वाट टर्बोची. बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूवर एक चिमुकलं चक्र फिरवायचं आणि त्याच्या जोरावर दुसऱ्या चक्रानं इंजिनात हवा कोंबायची. परदेशात तेव्हा या दुसऱ्या वाटेचा बोलबाला सुरू झाला होता. मयेकर तिला 'भाता' म्हणत. "भात्यानं निखारा लाल होतो खरा, पण कोळसा लवकर संपतो. आपल्याकडचं पेट्रोल हलकं, तेल तसलंच, गावोगावचे मेकॅनिक रस्त्यावर बसून काम करणारे. ते भाते कोण दुरुस्त करणार? त्यापेक्षा इंजिनाला दमानं श्वास घेऊ दे. स्वतःच्या."

आमच्या शेडमध्ये तिसरा माणूस बबन तापकीर. हा रहाटणीचा, फिटर. इंजिनाचे नट-बोल्ट आवळण्यापासून सिलेंडर हेडमधले हवेचे रस्ते हातानं घासण्यापर्यंत सगळं तो करी. हे घासण्याचं काम आठवडेच्या आठवडे चालायचं. मयेकर बोट घालून पाहायचे आणि म्हणायचे, "अजून खरखरीत आहे." बबन म्हणायचा, "सायेब, माज्या पोराचं तोंडबी मी एवढं पुसलं न्हाई कधी." आणि पुन्हा घासायला बसायचा.

ते इंजिन पहिल्यांदा पुऱ्या वेगानं फिरलं ती सकाळ मला स्पष्ट आठवते. काटा चढत चढत मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर गेला. आवाज असा झाला की शेजारच्या विभागातली माणसं दारात येऊन उभी राहिली. बबननं कानांवर हात ठेवले होते आणि तो हसत होता. इंजिन बंद केल्यावर मयेकरांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. "बरां झालां," एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन बिडी ओढत बसले. ते एरवी बिडी ओढत नसत. ती बबनची होती.

त्यांनी मला जे शिकवलं त्यातलं एक वाक्य मी आजही वापरते. एकदा मी एक रीडिंग पुन्हा घेतलं, कारण पहिलं मनासारखं आलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "कांबळे, रीडिंगवर प्रेम करायचं नाही. काटा दाखवेल ते लिहायचं. आवडलं तरी, नाही आवडलं तरी."

मग इंजिन एका जुन्या मोटारीत बसवलं आणि आम्ही ती खंडाळ्याच्या घाटात न्यायचं ठरवलं. मागे वाळूची पोती, मी माझे काटे सांभाळत पोत्यांना टेकून, पुढे मयेकर आणि कंपनीचे ड्रायव्हर गफूरभाई. खोपोलीपासून वर पहिल्यांदा मयेकरांनी स्वतः चालवली. खालच्या गिअरमध्ये, इंजिन गात होतं. गाडी पोत्यांसकट अशी चढली की मला सहलीला निघाल्यासारखं वाटलं.

खाली येऊन त्यांनी गाडी गफूरभाईंच्या हातात दिली. गफूरभाईंनी सवयीनं वेग जरा येताच वरचा गिअर टाकला. चढावर इंजिनाचे फेरे उतरले, गाडी हिसके द्यायला लागली.

"गफूरभाई, खालचा गिअर," मयेकर म्हणाले.

गफूरभाईंनी टाकला, आणि पुढच्या वळणानंतर लगेच वरचा घेतला. पुन्हा हिसके.

"अहो, खालच्यातच राहू द्या. फिरू द्या त्याला."

"साहेब, खालच्या गिअरमध्ये पेट्रोल जातं. आणि एवढं ओरडलं की इंजिन फाटेल असं वाटतं. आम्हाला कुणी असं शिकवलं नाही. कुठलाच मालक असं चालवू देणार नाही."

गाडी रडत-रखडत वर आली. लोणावळ्याला चहा घेतला, तो मयेकरांनी तसाच ठेवला. मला वाटलं, गफूरभाईंवर रागावलेत. परत येताना मीच बोलत होते. ड्रायव्हरांना शिकवावं लागेल, गाडीबरोबर सूचना द्याव्या लागतील, असं काहीबाही. ते खिडकीबाहेर बघत "हूं" म्हणत होते.

त्यानंतर काही महिन्यांनी शेडमध्ये एक लाकडी खोकं आलं. आत परदेशी इंजिन होतं, आमच्याएवढंच लहान, पण टर्बोवालं. ज्या कंपनीचं होतं तिच्याशी मालकांची करार करण्याची बोलणी सुरू आहेत, असं कानावर आलं होतं. बबननं सरळ विचारलं, "सायेब, ह्यो भाता हितं कशापायी?"

"तुलनेला," मयेकर म्हणाले. "आपलं याच्यापुढे उभं करून दाखवायचंय. दोन्हींची सारखी परीक्षा घ्यायची. कांबळे, रीडिंग तूच घ्यायची."

त्याच सुमारास मला एका सरकारी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची नोकरी चालून आली. कायमची, पेन्शनची. माझ्या वडिलांना रात्रभर झोप लागली नव्हती, आनंदानं. पण मी शेडमध्ये रमलेली. मी मयेकरांना विचारायचं ठरवलं. त्यांचं मत घेतल्याशिवाय तेव्हा मी पेनची शाईसुद्धा बदलत नसे.

त्यांनी ऐकून घेतलं. हातातला पाना खाली ठेवला, पुसला, पुन्हा उचलला.

"जाऊ नकोस," ते म्हणाले. "आता या टप्प्यावर नको. इंजिन उभं राहिलं की तूही उभी राहशील. थांब."

मी थांबले. वडिलांना सांगताना मी मयेकरांचंच वाक्य सांगितलं. ते म्हणाले, "एवढा मोठा माणूस म्हणतोय तर बरोबरच असेल." आणि कपाटातून काढून ठेवलेला आपला एकुलता कोट त्यांनी परत आत ठेवला. मला रुजू करायला येताना ते तो घालणार होते.

पुढचे महिने आम्ही दोन्ही इंजिनं आळीपाळीनं चालवली. टर्बोवालं आपल्या पेट्रोलवर गरम झालं की आतून खडखडायचं. गरम असताना बंद केलं तर त्या चिमुकल्या चक्राच्या बेअरिंगमधलं तेल जळून काळं व्हायचं. असं काही झालं की बबन माझ्याकडे बघून डोळे मिचकवायचा. मी ते लिहायचे. पण मधल्या फेऱ्यांत, जिथं गफूरभाईंसारखे लोक गाडी चालवतात, तिथं ते इंजिन आमच्यापेक्षा पुष्कळ ओढायचं. तेही मी लिहायचे. मयेकर रोज संध्याकाळी येऊन आकडे पाहायचे आणि म्हणायचे, "ठीक. असंच चालू दे."

मग मालकांसमोरची बैठक झाली. मला आकडे सांगायला बोलावलं होतं. मी नवी साडी नेसले होते. मयेकर उभे राहिले. बरंचसं शांतपणे बोलले. पेट्रोल, तेल, बेअरिंग सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. आणि मग म्हणाले, "तरीही माझा सल्ला टर्बोचा आहे. आपला ड्रायव्हर इंजिन फिरवत नाही आणि फिरवणारही नाही. त्याच्यासाठी आमचं इंजिन निरुपयोगी आहे. ते बंद करावं. बेअरिंगचं तेल थंड ठेवायची सोय करता येईल, ती मी करीन."

सगळे आकडे माझे होते. एकही खोटा नव्हता. म्हणूनच मला उठून काही बोलता येईना. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि ते समोरच्या भिंतीकडे.

मालक खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मयेकरांनी मला हे दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं. मीच म्हटलं, दोन्हींची रीडिंग पुरी करा, मग निर्णय घेऊ."

दिवाळीच्या आधी. पॉलिटेक्निकचं मी त्यांना दिवाळीनंतर विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये मी त्यांना गाठलं. बबन पलीकडे आमच्या इंजिनाचे पाइप सोडवत होता. त्याला सकाळीच तसं सांगण्यात आलं होतं.

"साहेब, मत कधी बदललं?"

"घाटात," ते म्हणाले. लगेच म्हणाले, जणू प्रश्नाची वाट पाहत होते. "गफूर चालवत होता तेव्हा. आपण चुकलो होतो, कांबळे. इंजिन चांगलं केलं, पण ते चालवणारा माणूस गृहीत धरला नाही."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मन लावून काम केलं असतंत? तू रीडिंग मन लावून घेतली असतीस?"

"घेतली असती," मी म्हटलं. "काटा दाखवेल ते लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत. मी तसंच लिहिलं. तुम्हीच बघितलंत रोज संध्याकाळी."

त्यांनी टेबलावरचा पाना उचलून पुसला.

"आणि पॉलिटेक्निकचं? तेव्हा तर तुम्हाला माहीत होतं."

"तू गेली असतीस तर ही रीडिंग कुणी घेतली असती? दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नव्हता."

हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं. आवाजही तसाच होता, डब्यातली भाजी छान झालीय म्हणून सांगायचे तसा.

मी म्हटलं, "भरवसा होता म्हणून थांबवलंत, आणि भरवसा नव्हता म्हणून सांगितलं नाहीत. यातलं खरं कुठलं धरू?"

पलीकडे बबनचं काम थांबलं होतं. मी खुंटीवरचा माझा बॉयलर सूट घडी करून टेबलावर ठेवला आणि ड्रॉइंग ऑफिसात परत गेले. मला कुणी हाक मारली नाही.

बबनला प्रेस शॉपमध्ये टाकलं, शिफ्टच्या ड्युटीवर. तिथं त्याच्या हातातल्या त्या बारीक कसबाचा काही उपयोग नव्हता. पत्रा ठेवायचा, पाय दाबायचा. मयेकरांना टर्बोच्या विभागाचं प्रमुख केलं, काचेची केबिन दिली. मला त्याच टर्बोच्या भागांची ड्रॉइंग ट्रेस करायला येत. मी करत असे. मयेकर कॉरिडॉरमध्ये भेटले की "काय कांबळे" म्हणत. मी "नमस्कार साहेब" म्हणून पुढे जाई. दुपारी मी डबा मुलींबरोबर खायला लागले.

एकदाच ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातात सुकटीचा डबा होता. "घरून आलीय," म्हणाले. मी म्हटलं, "माझं जेवण झालंय." झालं नव्हतं. ते डबा घेऊन परत गेले. त्या माणसाबद्दल मला तेव्हा काय वाटत होतं ते मी आजही एका शब्दात सांगू शकत नाही. त्यांच्या पायांचा आवाज दूर गेला तशी मी कागदावर वाकले आणि ती रेघ मला दोनदा काढावी लागली.

पुढं परदेशी करार सरकारी परवानगीत अडकला आणि अडकलेलाच राहिला. मोटारीचं इंजिन झालंच नाही, ना आमचं ना त्यांचं. कंपनी पुन्हा पंपांकडे वळली. काचेची केबिन अकाउंट्सला गेली. मयेकर वेळेआधी निवृत्त झाले. निरोपसमारंभाला मला बोलायला सांगितलं, मी नाही म्हटलं. त्यानंतर मीही ती कंपनी सोडून भोसरीत पंपांच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले.

ऐंशी सालानंतर दोनेक वर्षांनी एका रविवारी बबन आमच्या घरी आला. दारातच म्हणाला, "ताई, मयेकर सायेब गेलं. छातीत कळ आली म्हनं. परवाच झालं सगळं."

आम्ही दोघं चिंचवडला त्यांच्या घरी गेलो. सोसायटीतला पहिल्या मजल्यावरचा ब्लॉक. इतकी वर्षं एकत्र काम करून मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. त्यांच्या पत्नी दारात आल्या. शांत, दमलेल्या. आम्हाला बसवलं, पाणी दिलं. बबन हात जोडून म्हणाला, "मी तापकीर. सायबांच्या हाताखाली व्हतो शेडमदी."

"असं का," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि आपण?"

"मी कांबळे."

त्यांनी आठवून पाहिलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. "ऑफिसात होतात का? टायपिंगला?" आणि मग ओशाळून म्हणाल्या, "ते घरी कंपनीचं काहीच बोलत नसत हो. शेवटची वर्षं तर मुळीच नाही. त्यामुळे मला कुणाचीच नावं माहीत नाहीत."

बबन काहीतरी सांगायला पुढे सरकला. मी त्याच्याकडे पाहून मान हलवली. "हो, ऑफिसातच होते," मी म्हटलं. त्यांना त्या दिवशी आणखी काही कळायची गरज नव्हती. आम्ही थोडा वेळ बसलो. त्या म्हणाल्या, त्यांना मालवणला जाऊन राहायचं होतं, घर दुरुस्त करायला घेतलं होतं. मग दुसरी माणसं आली आणि आम्ही उठलो.

बसस्टॉपवर बबन माझ्या शेजारी उभा होता. प्रेस शॉपमध्ये त्याच्या उजव्या हाताचं एक बोट गेलं होतं. तो हात त्यानं खिशात ठेवला होता.

"ताई, येक इचारू? खरं सांगा. आपलं इंजिन चांगलं व्हतं का न्हाई?"

"चांगलं होतं," मी म्हटलं. "पण घाटात कमी पडत होतं, बबनराव. लोक चालवतात तसं चालवलं तर पडत होतं."

"म्हंजी सायेब बरोबर व्हता."

"बरोबर होते."

त्यानं मान डोलावली. निगडीची बस चौकात वळताना दिसली, लोक पुढे सरकले. बबन जागचा हलला नाही.

"मंग आपल्याला सांगाया काय झालं व्हतं त्याला?" तो म्हणाला. "आपुन काय त्याचं इंजिन मोडनार व्हतो?"

बस येऊन थांबली. मी त्याच्या कोपराला हात लावला आणि आम्ही चढलो.